हत्यारे : निरंक

रावेत
१८ नोव्हेंबर १९८१

प्रिय अकबर,

तुझी आई पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवून मंगळसूत्र गाठवायची, तेव्हा एक आवाज यायचा. सुर्र, आणि मण्यावर मणी बसला की टिक्. चिंचवडच्या शाळेची मागची खिडकी तुमच्या पटवेकरीच्या दुकानावर उघडायची. आत आपण मास्तरांच्या छडीच्या तालावर श्लोक घोकायचो आणि बाहेर सुर्र, टिक्. लघू-गुरू मोजण्यात माझी चूक कधी झाली नाही. त्याचं श्रेय मी तुझ्या आईला द्यायला हवं होतं, ते तेव्हा दिलं नाही. काल दुपारी ओसरीवर डोळा लागला, तर पन्नास वर्षांमागचा तोच आवाज अगदी कानाशी आला. उठलो आणि कागद घेतला.

अकरा वर्षं आपलं बोलणं नाही. रावेतहून चाकण म्हणजे दोन एसट्या. पण तेवढंही कोणी ओलांडलं नाही.

मी चार वर्षांमागं कंपनीतून निवृत्त झालो. इथं वडिलांच्या जागेत दोन खोल्या बांधल्या आहेत. सकाळी पवनेवर धुकं असतं, ते पाहत शाळेच्या पुस्तकातल्या कविता एकेक करून आठवत बसतो. तोंडानं म्हणतोही. अंबू शेजारणीला सांगते, "आमचं म्हातारं नदीला पाढे शिकवतंय." तिला पाढे आणि कविता एकच.

तुझं कानावर येत असतं. जावयानं, रहिमाननं, चाकणच्या बाजाराजवळ गॅरेज काढलं, वर स्लॅबचं घर झालं. ऐकून आनंद झाला. आमच्या डोक्यावर अजून पत्रा आहे. एप्रिल-मे सोडला तर पत्रा काही वाईट नाही.

लिहायला आणखी एक निमित्त झालं. युनियनचे मारुतराव परवा येऊन गेले. तुझ्या लेकीचा, परवीनचा कोअर विभाग कंपनी बंद करते आहे. गणकयंत्राच्या स्मरणासाठी ज्या बारीक काळ्या कड्या या मुली तारेत ओवतात, त्यांची गरज संपली म्हणे. परदेशातून नखाएवढा तुकडा येतो, त्यात परवीनच्या वर्षभराच्या कामाएवढं स्मरण मावतं. बेचाळीस बायका आहेत. ज्या 'कुशल' असतील त्यांना नवं काम शिकवून ठेवून घेणार, 'अकुशल' असतील त्यांना घरी बसवणार. मुंबईच्या कारखान्यात हेच काम करणाऱ्या सगळ्या कुशल आहेत. आपल्या पिंपरीत बेचाळीसच्या बेचाळीस अकुशल. म्हणून प्रकरण पुण्याच्या कामगार न्यायालयात गेलं आहे आणि अर्जावर पहिलं नाव परवीनचं आहे. हे तुला माझ्याआधी ठाऊक असणार.

मारुतराव विचारत होते, सत्तर साली श्रेणी ठरवणाऱ्या समितीत तुम्ही होता. तेव्हा या मुलींची काही परीक्षा झाली होती का, तिचा कागद आहे का? कंपनी म्हणते परीक्षा झालीच नाही, म्हणून अकुशल. समितीतल्या दुसऱ्या दोघांपैकी एक वारला, एक परदेशी गेला. मी म्हणालो, आठवत नाही.

खरंच आठवत नाही. तुला काही आठवत असेल तर कळव.

तुझा
दत्तोबा


रावेत
६ डिसेंबर १९८१

प्रिय अकबर,

तुझं उत्तर नाही. टपालाचा दोष असेल, असं धरून पुन्हा लिहितो.

तू नेहमी असाच. चौथीत शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले होते, आठवतं? वर्गातली प्रत्येक कविता मला पाठ होती, वृत्तासकट. मास्तरांनी उभं मला केलं असतं, पण दिपोटीच म्हणाले, "तो कोपऱ्यातला म्हणू दे." कोपऱ्यात तू. तू एक ओळ गाळलीस, मला कळलं, दुसऱ्या कोणाला कळलं नाही. साहेबांनी तुला पेन्सिलींची डबी दिली आणि म्हणाले, "आवाज आहे पोराला." घरी जाताना तू मला त्यातल्या दोन पेन्सिली दिल्यास. मी त्या नदीत टाकल्या. हे तुला आज प्रथम कळत असेल.

मग बासष्ट साली आपण एकाच दिवशी कंपनीत लागलो. तू स्टोअरला, मी टूलरूमला. टूलरूमची रीत तुला ठाऊक आहेच. नवा माणूस आला की त्याची पत्र्याची पेटी फोरमनसमोर उघडायची. आतली हत्यारं एकेक करून कार्डावर चढायची आणि ज्याची पेटी जड त्याचा मान मोठा. माझ्या पेटीत स्वतःच्या पैशाचा मायक्रोमीटर होता. भैरू फिटर म्हणाला होता, "दत्तोबाराव, ही पेटी हाय का नवरीचा रुखवत?" त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

एकोणसत्तर साली कोअर विभाग निघाला, तेव्हा बारीक हाताच्या मुली हव्यात ही बातमी तुला मीच आणून दिली. मला वाटलं, पोरगी सातवी पास आहे, आजीकडून पटवेकरी शिकली आहे, लग्नापर्यंत चार दिवस बसेल. तुझी कमरुन्निसा तयार नव्हती. मी तिला समजावलं, "वहिनी, टेबलावर बसून मणी ओवायचे आहेत." ते तुम्ही विसरला असाल.

पुढं काय झालं? विभाग नवा, श्रेणी ठरलेली नाही, म्हणून मुलींना तात्पुरता भत्ता. पगाराच्या खिडकीशी परवीन माझ्या पुढं उभी. तिनं पाकीट घेतलं आणि मला दाखवलं, कौतुकानं, जसं प्रगतिपुस्तक दाखवावं. एकोणीस वर्षांची पोरगी, सहा महिन्यांची नोकरी. माझ्यापेक्षा जास्त. घरी अंबूला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग तुमी बी शिका की मणी ववायला." 

ते चौदा महिने चाललं. मुंबईहून पाहुणे आले की सरळ तिच्या टेबलाशी. गोरे लोक भिंग लावून तिची बोटं बघायचे, फोटो काढायचे. टूलरूमच्या दारावरून जायचे, आत डोकावायचे नाहीत.

समितीनं तिला अकुशल ठरवलं त्यात माझा दोष नव्हता. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, दोघं एकीकडे आणि मी एकटा. तू ऐकलं नाहीस. राजीनामा दिलास, चाकणला गेलास आणि पोरीला मात्र रोज चाकणहून एसटीनं त्याच विभागात पाठवत राहिलास. मला ते टोचावं म्हणूनच ना?

दत्तोबा


रावेत
२ जानेवारी १९८२

अकबर,

मारुतराव पुन्हा आले होते. तारीख पडली आहे, तीन फेब्रुवारी, अकरा वाजता. त्यांनी एक मोठा तक्ता ओसरीवर पसरला. वर शहरांची नावं, मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, औरंगाबाद. डाव्या बाजूला नव्या धर्तीची कामं, उपकरणं, औषधं, रेडिओचे भाग, गणकयंत्रं. रकान्यात पगार. प्रत्येक ओळीत पुण्याचा आकडा मुंबईच्या एक पायरी खाली, जसं असायचं तसं. फक्त कोअर विणणाऱ्यांच्या ओळीत पुण्याचा आकडा औरंगाबादच्याही खाली गेलेला.

मी ती ओळ नंतर पाहिली. आधी टूलमेकरची शोधली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी.

मारुतराव म्हणाले, "दत्तोबाराव, सहासष्ट सालचं गेटवरचं तुमचं भाषण अजून लोकांना पाठ आहे. मुंबईची कानस आणि पिंपरीची कानस एकच लोखंड कापते, मग पगार दोन का? तेच तर आम्ही कोर्टात विचारतोय."

मी म्हणालो, "ते कानशीबद्दल होतं."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. जाताना पुन्हा विचारलं, "परीक्षेचा कागद खरंच नाही? कंपनीच्या फायलीत एक पान कमी आहे, क्रमांक तुटतोय." मी म्हणालो, नाही.

ते गेल्यावर अंबू ओसरीवर आली. "तुमच्या त्या कवितांच्या वहीत जे घडी घालून ठिवलंय, ते काय हाय?"

"कविता आहे."

"इंग्रजी छापाची कविता?"

मी उठून नदीवर गेलो. सूर्य पलीकडे पुनावळ्याच्या बाजूला उतरत होता, पाण्यावर तांबूस रेघ होती. अशा वेळी दोन ओळी सुचतात. त्या दिवशी सुचल्या नाहीत.

तू लिहीत का नाहीस? शिव्या तरी दे.

दत्तोबा


रावेत
१९ जानेवारी १९८२

अकबर,

कागद आहे.

तिन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. सत्तर सालीही खोटंच सांगितलं होतं. आता सांगतो ते बसून ऐक.

श्रेणी ठरवण्याआधी समितीतल्या मुंबईच्या तरुण इंजिनिअरनं परीक्षा घेतली. म्हणाला, टूलरूममधले दहा आणि या विभागातल्या दहा मुली, अर्धा तास, किती कड्या ओवता येतात बघू. टूलरूममध्ये हशा पिकला. भैरू म्हणाला, "साहेब, आमच्या मंडळींना बोलवा, गजरं लई भारी करत्यात." सगळे खिदळत गेलो आणि टेबलाशी बसलो. भिंगाखाली त्या कड्या राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, आणि एकेकीतून तीन तारा न्यायच्या, उभी, आडवी, तिरपी. तार केसाहून बारीक.

ज्या हातांनी मी केसाच्या दहाव्या भागाएवढं माप साधायचो, त्या हातांनी अर्ध्या तासात अकरा कड्या ओवल्या. दोन तारा तोडल्या. भैरूच्या चार झाल्या. तो उठून म्हणाला, "राव, हे आपलं काम न्हाई, डोळं फोडायचं काम हाय," आणि मोकळा झाला. मला तसं मोकळं होता आलं नाही.

परवीनच्या सदुसष्ट. चौसष्टची पूर्ण एक ओळ आणि वर तीन. तिचं लक्षसुद्धा नव्हतं असं वाटत होतं. इंजिनिअरनं वाकून टेबलाखाली पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. पोरीनं चप्पल काढून तारेचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं. तुझ्या आईसारखं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. तिनं स्वतःचं संपवलं आणि माझ्याकडे आली. टूलरूमच्या नऊ जणांसमोर माझ्या मनगटाला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "दत्तूकाका, अशी ओढू नका. तार बोटाला कळू द्या." तिच्या बोलण्यात शिकवण्याचा तोरा असता, तर मी तिला माफ केलं असतं. तोरा नव्हता. माया होती. पन्नाशीच्या माणसाला कड्या येत नाहीत म्हणून पोरीला वाईट वाटलं होतं. ते मला सहन झालं नाही, अकबर.

समिती बसली. दोघं एकीकडे आणि मी एकटा, हे खोटं. इंजिनिअर म्हणाला, हे सर्वांत वरच्या कौशल्याचं काम आहे, मुंबईत तसंच धरलंय. कंपनीचा अधिकारी तळ्यात-मळ्यात होता. तो मला म्हणाला, "तुम्ही कामगारांचे प्रतिनिधी. तुमचं काय म्हणणं?" मी हो म्हटलं असतं तर त्या दिवशीच प्रश्न मिटला असता. मी म्हणालो, "साहेब, टूलरूमची रीत आहे, पेटी उघडून बघायची. हत्यार नाही तो कारागीर नाही." अधिकाऱ्याला तर तेच हवं होतं. त्यानं श्रेणीचा छापील फॉर्म माझ्यापुढं सरकवला. त्यात एक रकाना होता, कामगाराची हत्यारे. मी माझ्या हातानं लिहिलं, निरंक.

आणि आता त्याहून वाईट. परवीनच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तू पाहिलं असशील. वाढवलेलं, टोकाशी बारीक खाच. त्या खाचेत ती कडी धरते, म्हणून तिचा हात चालतो. परीक्षेच्या महिनाभर आधी ती टूलरूमच्या दाराशी आली होती, "काका, नखाला खाच पाडायला काहीतरी द्या, ब्लेडनं चिरतं." मी माझ्या पेटीतली सुईकानस काढली, तिचा हात लोखंड धरायच्या व्हाइसच्या कडेला टेकवला आणि खाच घालून दिली. पोलिश करून. म्हणजे ते हत्यार होतं, आणि ते मीच बनवलं होतं. निरंक लिहिताना मला ते आठवत होतं.

बेचाळीस जणी त्या एका शब्दाखाली अकरा वर्षं काम करत आल्या.

परीक्षेच्या पानावर फायलीचा क्रमांक पडला होता, तरी अधिकारी म्हणाला जोडायची गरज नाही. मी घडी घालून खिशात टाकलं. त्यावर वीस नावं, वीस आकडे आणि खाली तिघांच्या सह्या. फाडायला हवं होतं. फाडलं नाही, कवितांच्या वहीत ठेवलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काय करू, ते कळव.

दत्तू


रावेत
३ फेब्रुवारी १९८२, सकाळी सव्वासहा

अकबर,

आज तारीख. तुझं एकही पत्र नाही, त्यामुळं मी माझं ठरवलं आहे. कागद या पत्रासोबत रजिस्टर करतो. नऊला चिंचवडचं पोस्ट उघडतं. तुला परवापर्यंत मिळेल. कोर्ट एका तारखेत कधी निकाल देत नाही, पुढची तारीख मागून घ्या. मी येत नाही. रक्तदाब आहे, दोन दिवस खोकला आहे, आणि पुण्याला जायला एसटीत उभं राहावं लागतं.

अंबूला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, आणि नदीवर जायाला कसा खोकला न्हाई?" मग चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेचाळीस घरं एकीकडं आणि तुमच्या अकरा कड्या एकीकडं. तुमचं पारडं जड हाय बाबा."

तिचं बरोबर आहे. मारुतरावांना काल चिंचवडच्या बाजारात गाठून शेवटी कागदाचं सांगितलं, तर ते म्हणाले, नुसता कागद चालणार नाही. सही करणाऱ्यानं उभं राहून ही सही माझी, ही परीक्षा माझ्यासमोर झाली, असं सांगावं लागतं. मग कंपनीचा वकील विचारणार, "तुमच्या किती झाल्या?" आणि मागं बाकावर भैरू बसलेला असणार, टूलरूमची सगळी निवृत्त मंडळी असणार. त्यांना आकडा ठाऊक नाही. त्या दिवशी मी कोणाला कळू दिला नव्हता. अकरा म्हणायला मला तोंड उघडावं लागेल.

आणि खरं सांगू? अकरा वर्षं झाली, म्हातारा झालो, तरी हेवा गेलेला नाही. मारुतराव पहिल्यांदा आले आणि म्हणाले की नखाएवढ्या तुकड्यानं त्या बायकांचं काम खाल्लं, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? बरं वाटलं. क्षणभर, पण बरं वाटलं. तिचंही हत्यार गेलं, असं वाटलं. मग लगेच दुसरा हेवा. तिच्या कामासाठी बेचाळीस जणी कोर्टात उभ्या राहतात, तक्ते निघतात, मुंबईशी तुलना होते. माझी पेटी निवृत्तीच्या दिवशी घरी आणली, तेव्हा ती उघडून बघायलाही कोणी मागितली नाही.

हे असं लिहिलेलं वाचून तू काय म्हणशील ते म्हण. वाचतोयस एवढं जरी कळलं तरी

दार वाजलं. शेजारचा खंडू दूध घेऊन आला असेल.

खंडू नाही. तुझी परवीन आहे.

दोन ओळी पुऱ्या करतो म्हणून तिला ओसरीवर बसवलं आहे. अंबूनं चहा टाकलाय. रहिमान वडाखाली टेंपो चालूच ठेवून बसलाय. ती केवढी थोराड दिसते आता, कानाशी केस पांढरे झाले आहेत. मी म्हणालो, "तुझ्या वडिलांनी पाठवलं?" म्हणाली, "नाही, अब्बा म्हणाले होते जाऊ नकोस."

तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन वर्षं तुला अक्षर दिसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग माझी पत्रं?

"मीच वाचते."

"सगळी?"

"चारही. अब्बा मधे मधे म्हणत होते, हे सोड, पुढचं वाच. मी नाही सोडलं."

अंबूनं माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर टाकला आणि आत गेली. परवीननं हात पुढं केला. मला वाटलं कागद मागते आहे. वहीतून काढून दिला. तिनं उलगडला, स्वतःचं नाव शोधलं नाही, वरून खाली माझं शोधलं, पाहिलं, पुन्हा त्याच घडीवर घडी घातली आणि कोटाच्या खिशात सरकवला.

"हा तुमच्याजवळच राहू द्या, काका. तुम्हालाच दाखवायचाय. मला ते पत्र द्या. अब्बांना संध्याकाळी वाचायचंय."

मी म्हणालो, अजून पुरं झालं नाही. आणि यातलं काही तू वाचावंस असं नाही.

"मग पुण्यापर्यंत टेंपोत पुरं करा," म्हणाली. "वाचायचं काय ते माझं मी बघते."